बरडावरील वर्तुळे

नागपूर शहराचे वय सांगताना आपण बहुधा १७०२ या सालापाशी थांबतो. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने राजापूर बारसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा लहान वाड्या एकत्र करून नाग नदीच्या काठी आपली राजधानी वसविली, पुढे रघूजी भोसल्यांनी तीच जागा आपल्या दौलतीचे मुख्य ठाणे केली, आणि १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारल्यावर कंपनी सरकारने ते राज्य खालसा करून टाकले, एवढा वृत्तान्त येथील शाळकरी मुलासही मुखोद्गत असतो. शहरातील मृतांची जुनी स्थळे म्हणून जी दाखविली जातात, तीही याच कालखंडात मावणारी आहेत. शुक्रवारीकडील भोसल्यांच्या छत्र्या, सीताबर्डीच्या किल्ल्यात १८१७ च्या नोव्हेंबरातील लढाईत पडलेल्या इंग्रजी फौजेतील शिपायांच्या कबरी, १८२१ मध्ये कामठीस छावणी पडल्यानंतर तेथे दूरदेशच्या सोल्जरांसाठी राखलेली दफनभूमी, ही त्यांतील प्रमुख होत. परंतु नागपूरची सर्वांत पुरातन स्मशानभूमी म्हणण्याचा मान यांपैकी एकीकडेही जात नाही. ती काटोलकडे जाणाऱ्या रस्त्याने शहराबाहेर पडल्यावर लवकरच लागणाऱ्या जुनापाणी गावाच्या शिवारात पसरलेली आहे; तिचे वय शहराच्या वयाच्या सात-आठ पट तरी भरते, आणि तीत निजलेल्या एकाही मनुष्याचे नाव कोणास ठाऊक नाही.

काही तरी भव्य पाहावयाचे म्हणून जो जुनापाणीस जाईल, त्याचा विरस होण्याचाच संभव अधिक. येथे शिखर नाही, कमान नाही, शिलालेख नाही, पुराणात उल्लेख नाही, आणि जत्राही भरत नाही. येथे जावे ते केवळ हिंडण्याच्या तयारीने, पाऊसकाळ ओसरून कुसळी गवत पिवळे पडू लागलेले असावे, बांधाकडेच्या तरोट्याच्या शेंगा वाळत आलेल्या असाव्यात, आणि हाती दोन-तीन तास मोकळे असावेत. प्रथम दृष्टीस पडतात ते पळसाच्या झुडपांतून आणि बोरीच्या जाळ्यांतून अस्ताव्यस्त विखुरलेले काळ्या फत्तराचे मोठाले गोटे. विदर्भात काळ्या फत्तराची वाण नाही, म्हणून त्यांचे काही विशेष वाटत नाही. परंतु चालता चालता ध्यानात येते की या गोट्यांची ओळ सरळ जात नाही, ती वळते. तिच्या वळणावर नजर ठेवून चालत राहिले तर पुन्हा जेथून निघालो तेथेच आपण येऊन ठेपतो. आणि मग उमजते की इतका वेळ आपण एका वर्तुळाच्या कडेने फिरत होतो व त्या वर्तुळाच्या आतली जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा किंचित उंच, दगडगोट्यांनी भरून काढलेली आहे. एकदा एक वर्तुळ डोळ्यांस गवसले की मग त्याच्या शेजारचे दुसरे, पलीकडचे तिसरे, उतारावरचे चौथे अशी ती आपण होऊन उमटू लागतात. जुनापाणीच्या आसपास अशी सुमारे ३०० वर्तुळे असल्याची नोंद आहे. काही लहान, काही एखाद्या प्रशस्त वाड्याचा चौक सहज सामावून घेतील एवढी. कोठे एकेरी, तर कोठे एकात एक अशी दुहेरी.

आणखी एक गोष्ट आहे, पण ती घाईने चालणाऱ्यास दिसत नाही. वर्तुळातील काही मोजक्या शिळांच्या पृष्ठभागावर वाटीच्या आकाराची लहान लहान खळगी कोरलेली आहेत. उन्हे कलल्यावर प्रकाश आडवा पडू लागला म्हणजे त्या खळग्यांत सावली भरते आणि मगच ती स्पष्ट उठून दिसतात. त्यांतील एखाद्यावर अंगठा टेकवून पाहावा. शिळेचा बाकीचा भाग दगडफुलाने खरबरीत झालेला असतो, खळग्याची कड झिजून गोल झालेली असते आणि आतला पृष्ठभाग मात्र बोटाला अजून नितळ लागतो. ही खळगी वेडीवाकडी नाहीत. ती रांगेत आहेत. कोठे एक सरळ रांग, कोठे समांतर अशा दोन, आणि कोठे एका रांगेला छेदून जाणारी दुसरी. या कठीण दगडात एक खळगे पाडावयाचे म्हटले तरी केवढा वेळ आणि केवढा धीर लागत असेल! सहज चाळा म्हणून कोणी अशी रांग कोरीत बसत नाही, एवढे तिच्याकडे पाहताच पटते.

ज्या जमिनीवर हे सर्व आहे, तिची प्रत पाहण्यासारखी आहे. इंग्रजी अमदानीतील जमाबंदीत नागपूर जिल्ह्याच्या जमिनीची प्रतवारी काळी, मोरंड, खरडी आणि बरडी अशी लावलेली आढळते. त्यांतील बरडी ही सर्वांत हलकी. वर चार बोटे माती आणि खाली मुरूम, असे तिचे स्वरूप. विदर्भातील ही वर्तुळे बहुशः अशाच बरड टेकाडांवर आणि टेकड्यांच्या पायथ्यांशी आहेत. ज्या लोकांनी ती उभारली, त्यांनी आपले मृत पिकाऊ जमिनीत ठेवले नाहीत; नांगराखाली येणारी काळी त्यांनी जित्यांसाठी राखली, आणि मृतांना दगडाच्या शेजारी नेले. जमाबंदीचा एकही कागद ज्या काळी अस्तित्वात नव्हता, त्या काळी या मुलखातील मनुष्य जमिनीची पारख अशी नेमकी करीत होता, हे मला त्या शिळांहूनही अधिक थोर वाटते.

या वर्तुळांच्या शोधाचा इतिहास सांगू लागले म्हणजे पहिले नाव स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याचे घ्यावे लागते, आणि त्याच्या मृत्यूचा वृत्तान्त टाळून पुढे जाता येत नाही. स्कॉटलंडच्या बेरिकशायर परगण्यातील डन्स या गावी ८ सप्टेंबर १८१७ रोजी, म्हणजे सीताबर्डीची लढाई झाली त्याच वर्षी, त्याचा जन्म झाला. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनतर्फे तो १८४५ च्या आरंभी नागपुरास आला, तेव्हा गादीवर तिसरे रघूजी होते. तो आला धर्मप्रचारासाठी, आणि ते कार्य त्याने शेवटपर्यंत निष्ठेने केले. परंतु या भूमीने त्याला आणखी एक वेड लावले. शाळेचे काम आटोपले की तो हातोडी घेऊन टेकड्या धुंडाळी. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह त्याने नागपूरच्या आसपासचे थर, त्यांतील वनस्पतींचे आणि प्राण्यांचे अश्मीभूत अवशेष यांचा असा कसून अभ्यास केला की त्यांचे निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्रीय मंडळाच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाले. एका खनिजास त्याच्यावरून हिस्लॉपाइट हे नाव पडले. गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म प्राण्याच्या प्रजातीस हिस्लॉपिया म्हणतात तेही त्याच्यावरूनच. दगडांवरून त्याचे लक्ष माणसांकडे वळले. गोंडांच्या वस्त्यांतून हिंडून, प्रधान जमातीच्या गायकाकडून ऐकून त्याने लिंगोच्या जन्माची व पराक्रमाची दीर्घ गोंडी गाथा उतरवून घेतली. ज्या काळी गोंडांना रानटी म्हणून बाजूस सारण्याचा शिरस्ता राज्यकर्त्यांत आणि आपल्यातही होता, त्या काळी एका परक्या मनुष्याने त्यांच्या मुखातील काव्य अक्षरशः टिपून ठेवावे, याबद्दल त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्याच्या धर्मप्रचाराविषयी कोणाचे काहीही मत असो, या कामाचे मोल त्याने उणे होत नाही.

१८६१ मध्ये मध्यप्रांताची निर्मिती झाली आणि लवकरच रिचर्ड टेंपल हा तेथील चीफ कमिशनर झाला. टेंपलला जुन्या वस्तूंचा शोक होता आणि हिस्लॉपला त्यांचे ज्ञान होते, तेव्हा दोघांचा स्नेह जडला यात नवल नाही. १८६३ च्या सप्टेंबरात टेंपलचा मुक्काम नागपूरच्या दक्षिणेस बोरी येथे, म्हणजे आज ज्या गावाला आपण बुटीबोरी म्हणतो तेथे पडला होता. तेथून जवळच टाकळघाट येथे शिळावर्तुळे होती. ४ तारखेस मंडळी ती पाहण्यास गेली. पाहणी झाल्यावर इतर लोक छावणीकडे परतले. हिस्लॉप मात्र तेथील शाळा तपासण्यासाठी मागे राहिला. मुलांची परीक्षा घेऊन तो एकटाच घोड्यावरून निघाला तेव्हा अंधार पडला होता. पावसाळा अजून सरला नव्हता. वाटेतला ओढा एरवी अगदी मामुली, परंतु त्या रात्री त्याला पाणी चढलेले होते. बोरीच्या छावणीत मंडळी त्याची वाट पाहात असता त्याचा घोडा तेवढा आला, पाठीवर स्वार नव्हता. लागलीच शोध सुरू झाला, आणि त्या ओढ्यात त्याचे प्रेत मिळाले. चार दिवसांनी त्याला सेहेचाळीस वर्षे पूर्ण व्हावयाची होती. त्याचे अपुरे राहिलेले कागद टेंपलने संपादून १८६६ मध्ये ग्रंथरूपाने छापले. लिंगोची गाथा त्याच ग्रंथात आहे. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला आपण सारे अजब बंगला म्हणतो, ते १८६३ मध्येच स्थापन झाले. आणि पुढे १८८३ मध्ये मिशनने जे महाविद्यालय काढले, त्याला हिस्लॉपचे नाव मिळाले. त्या महाविद्यालयातून शिकून गेलेल्या हजारोंपैकी कितीजणांना टाकळघाटच्या ओढ्याची हकीकत कधी कोणी सांगितली असेल?

हिस्लॉपनंतर ज्यांनी या वर्तुळांना हात घातला, ते बहुतेक सरकारी अंमलदार होते. कामठीच्या छावणीपासून मैलभरावर वारेगावच्या शिवारातील एक मोठे वर्तुळ पिअर्स या लष्करी अधिकाऱ्याने १८६७ मध्ये उकरले. त्यानंतर आला जे. एच. रिव्हेट-कार्नॅक. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा इंग्रजांची दृष्टी वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीकडे वळली आणि कापसासाठी एक स्वतंत्र कमिशनर नेमण्यात आला. त्या जागेवर असताना रिव्हेट-कार्नॅक या मुलखात खेडोपाडी फिरला, आणि त्या फिरतीत त्याला जुनापाणीच्या वर्तुळांनी गाठले. त्यांविषयीचा त्याचा निबंध १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. शिळांवरील खळग्यांचे महत्त्व ओळखले ते त्याने. अशीच खळगी त्याने कुमाऊंच्या डोंगरात पाहिली होती आणि इंग्लंड-स्कॉटलंडातील प्राचीन शिळांवरही ती आहेत हे त्याला ठाऊक होते. तेव्हा लहानमोठ्या खळग्यांच्या या रांगा म्हणजे एखादी आदिम लिपी तर नसेल, अशी शंका त्याने काढली.

त्या पिढीतील विद्वानांना या वर्तुळांत कधी शकांच्या टोळ्या दिसल्या, कधी युरोपातील आपलेच पूर्वज दिसले. इकडे लोकसमजूत त्यांचा संबंध गवळी राजांच्या काळाशी लावीत होती. गवळ्यांनी गुरे घेऊन तळ दिले त्याची ही चिन्हे, असे वडीलधारी मंडळी सांगत. या दोन तर्कांपैकी मला दुसरा अधिक समंजस वाटतो, कारण तो निदान याच भूमीतला, येथल्या माणसाच्या धंद्यावरून काढलेला आहे. परंतु खरे उत्तर जमिनीखाली होते, आणि ते शिस्तीने वर येण्यास स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला.

१९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी जुनापाणीची तीन वर्तुळे शास्त्रीय पद्धतीने उकलली. त्यानंतर नागपूर विद्यापीठात शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली जे कार्य झाले, त्याला विदर्भाच्या इतिहासात मोठे स्थान आहे. १९६८-६९ मध्ये त्यांनी उत्खननासाठी निवडले ते टाकळघाट आणि त्याच्या शेजारचे खापा. जेथून परतताना हिस्लॉप बुडाला, तोच प्रदेश. तोवर सर्वांनी मृतांचीच जागा खणली होती. देवांनी जित्यांची जागाही खणली. टाकळघाटास पांढरीचे टेकाड मिळाले, घरांच्या जमिनी मिळाल्या, रोजच्या वापराची खापरे मिळाली. खाप्याच्या वर्तुळांतही त्याच घडणीची, काळ्या-तांबड्या रंगाची भांडी निघाली. वस्ती आणि स्मशान यांची गाठ अशी प्रथमच पडली, आणि वर्तुळे उभारणारे लोक हे कोठून तरी येऊन आपले मृत पुरून निघून गेलेले भटके नसून येथेच घर करून राहिलेले होते, हे सिद्ध झाले. काळ निघाला इसवी सनापूर्वी सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपासचा. म्हणजे पलीकडे मगधात गौतम बुद्धाचा उपदेश ऐकू येण्याच्या सुमारास, वाकाटकांनी रामटेकजवळ नंदिवर्धन गाजविले त्याच्या हजारभर वर्षे आधी, नागपूरच्या परिसरात गावे नांदत होती.

१९७० ते ७२ या काळात देवांनी माहुरझरी येथे काम केले. माहुरझरीही काटोल रस्त्याकडचीच, जुनापाणीची शेजारीण. तेथील वर्तुळांतून जे निघाले ते ध्यानपूर्वक पाहण्याजोगे आहे. लोखंडाच्या चपट्या कुऱ्हाडी निघाल्या, आणि त्यांचे पाते दांड्यावर ढिले पडू नये म्हणून आडव्या-उभ्या आवळलेल्या लोखंडी पट्ट्याही त्यांच्यासोबत निघाल्या. ही बांधणी विदर्भाच्या लोहाराची खास ओळख मानली जाते. खंजीर निघाले, छिन्न्या निघाल्या, तांबड्या अकीकाचे मणी निघाले. आणि निघाले घोडे. काही वर्तुळांत माणसाच्या अस्थींसोबत घोड्याच्या अस्थी होत्या, लोखंडी लगामाच्या कड्या होत्या आणि घोड्याच्या मुखावर चढवावयाचे तांब्याच्या पत्र्याचे साज होते. तो साज शृंगारासाठी केलेला आहे. पत्रा पातळ ठोकून त्यावर उठावाच्या गाठी काढलेल्या आहेत. ज्या हाताने हा साज घडविला त्याला तो मातीखाली जावयाचा आहे हे माहीत असो वा नसो, त्याने कामात कसूर केलेली नाही. मालकाच्या अंत्यविधीच्या वेळी घोडा बळी देत असावेत, असे अभ्यासकांचे मत आहे. घोडा या मुलखात स्वस्त जनावर कधीच नव्हते. जे लोक एवढी मोलाची वस्तू मृताबरोबर धाडीत, त्यांची परलोकाविषयीची धारणा किती दृढ असेल याची कल्पना त्यावरून यावी.

पुढे १९७७ ते ८० च्या दरम्यान पेंच नदीकाठच्या नैकुंड येथे डेक्कन कॉलेज आणि महाराष्ट्र शासनाचे पुरातत्त्व खाते यांच्या विद्यमाने उत्खनन होऊन लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. तेव्हा कुऱ्हाडी आणि लगाम परमुलखातून आणलेले होते असे म्हणण्यास जागा उरली नाही. अलीकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील खगोलशास्त्रज्ञांनी जुनापाणीच्या खळगीयुक्त शिळा वर्तुळाच्या मध्यापासून कोणत्या दिशांना पडतात याची मोजणी केली आणि त्या विशिष्ट दिशांनाच मांडलेल्या दिसतात, असे मत मांडले. आकाशाकडे पाहून ही मांडणी झाली असेल, हा विचार रिव्हेट-कार्नॅकच्या लिपीपेक्षा मला अधिक जवळचा वाटतो. मृगसाली तारे पाहून पेरणीचा अंदाज बांधणाऱ्या शेतकऱ्याच्या पूर्वजांना तो शोभतो.

जुनापाणीचे स्थळ आज केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. परंतु विदर्भातील अशा शेकडो वर्तुळांना कसलेच छत्र नाही, आणि ती ज्या बरडावर आहेत त्या बरडाचीच आज सर्वांत अधिक मागणी आहे. अडीच हजार वर्षे जी जमीन निकस म्हणून सुटली, तिचा मुरूम आता रस्त्यांना हवा आहे, तिचा दगड खडी पाडण्यास हवा आहे, आणि तिच्यावर वसाहतींचे आराखडे आखले जात आहेत. टाकळघाटच्या शिवेला बुटीबोरीची औद्योगिक वसाहत येऊन भिडली आहे. यंत्राच्या एका फेरीत एक वर्तुळ नाहीसे होते, आणि ते होते हे सांगणारा कागदही मागे राहत नाही, कारण गावच्या दफ्तरात त्याची नोंद बहुधा पडीत म्हणूनच असते.

म्हणून नागपूर जिल्ह्यातील शेतकरी, तलाठी, सरपंच आणि विशेषतः शाळामास्तर यांना माझी विनंती आहे. आपल्या शिवारात काळ्या गोट्यांचा फेर दिसला आणि त्याच्या आतली जमीन थोडी उचललेली आढळली, तर तेथे कुदळ लावण्यापूर्वी किंवा लावू देण्यापूर्वी पुरातत्त्व खात्यास अथवा विद्यापीठाच्या प्राचीन इतिहास विभागास चार ओळींचे पत्र टाका. गावाचे नाव, गट क्रमांक, आणि गोटे किती ते त्यात लिहा. कोणा शिळेवर खळगी असतील तर तेही आवर्जून लिहा. मुलांना एकदा जुनापाणीस न्या, आणि त्यांच्या हाताने ती मोजू द्या.